घरच्या कॉम्प्युटरवरचे ईमेल कॉन्टॅक्ट्स आणि त्यांचा बॅकअप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न आधी सोसायटीतल्या लोकांचे, मग त्यांच्या भावा-बहिणींचे, मग ओळखीच्या ओळखीतल्यांचे असे जमत गेलेत. बहुतेक मंडळी कोथरूड, कर्वेनगर, सिंहगड रोड या पट्ट्यातली, निवृत्त, मुलं बाहेर, आणि घरात एक डेस्कटॉप ज्यावर बँकेचे मेल आणि नातवंडांचे फोटो बघितले जातात. प्रश्न आले तसेच ठेवलेत, फक्त नावं काढलीत. एकच गोष्ट दोनदा लिहायचा कंटाळा म्हणून मधेमधे "अमुक नंबर बघा" असं आहे, तेवढं चालवून घ्या.

१. गूगलवर सगळं आपोआप सेव्ह होतं ना, मग वेगळा बॅकअप कशाला?

सेव्ह होतं, पण त्याला सिंक म्हणतात, बॅकअप नाही. सिंक म्हणजे आरसा, इकडे कराल ते तिकडे दिसणार. नातवाने फोनवर खेळताना चाळीस नावं उडवली की ती कॉम्प्युटरवरूनही गेली, टॅबवरूनही गेली, आणि हे तुम्हाला कळणार दिवाळीत शुभेच्छा पाठवायला बसाल तेव्हा. दुसरं म्हणजे अकाउंटच हातातून जाऊ शकतं. पासवर्ड आठवत नाही आणि रिकव्हरीला दिलेला मोबाइल नंबर कधीच बंद झालाय, अशी घरं मी भरपूर बघितलीत. मी बॅकअप म्हणतो ती एक साधी फाइल, जी अकाउंटच्या बाहेर पडून आहे आणि जिला कोणी सिंक करत नाही. ती असतेही छोटीशी, फोटो नसतील तर हजार नावांची फाइल मोबाइलवर काढलेल्या एका फोटोपेक्षा लहान भरते. जागेचा प्रश्न नाही, फक्त आळसाचा आहे.

२. माझे कॉन्टॅक्ट्स नक्की कुठे आहेत तेच कळत नाहीये, कसं शोधायचं?

साधारण चार ठिकाणं असतात. गूगलचं अकाउंट, फोनची स्वतःची मेमरी, सिमकार्ड, आणि कॉम्प्युटरवरचा मेल प्रोग्राम म्हणजे आउटलुक किंवा थंडरबर्ड. अँड्रॉइड फोनवर एखादं नाव उघडून एडिट दाबलं की ते कुठे सेव्ह आहे ते बहुतेक फोन दाखवतात. कॉम्प्युटरवर ब्राउझरमध्ये कॉन्टॅक्ट्स डॉट गूगल डॉट कॉम उघडा, तिथे जे दिसेल तेवढंच गूगलकडे आहे, जे दिसत नाही ते फोनमध्ये किंवा सिममध्ये अडकलंय असं समजा. सिमवर बहुतेक वेळा फक्त नाव आणि नंबर राहतो, ईमेल पत्ता राहीलच असं नाही, त्यामुळे सिमवरचे आधी गूगलमध्ये हलवा आणि मगच पुढचं वाचा.

३. मेल लिहिताना "सु" टाइप केलं की सुनंदाचा पत्ता आपोआप येतो, म्हणजे ती कॉन्टॅक्टमध्ये आहेच ना?

नाही, आणि सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. ज्याला तुम्ही कधी मेल पाठवलाय तो पत्ता जीमेल स्वतःहून "अदर कॉन्टॅक्ट्स" नावाच्या वेगळ्या कप्प्यात टाकतं. थंडरबर्डमध्ये त्याला "कलेक्टेड अ‍ॅड्रेसेस" म्हणतात. क्लासिक आउटलुक (प्रश्न ७ बघा) तर अशी नावं नुसती लक्षात ठेवतं, ती अ‍ॅड्रेस बुकमध्ये नसतातच, त्यामुळे कॉम्प्युटर बदलला की गायब, आणि मग "कालपर्यंत येत होतं हो" असा फोन येतो.

जीमेलमध्ये अदर कॉन्टॅक्ट्स उघडून हवी ती नावं मुख्य यादीत अ‍ॅड करा, आणि मगच एक्सपोर्ट करा, म्हणजे फाइल काढा (प्रश्न ४). सगळी करू नका, त्यात २०११ साली जुना सोफा विकताना ज्याच्याशी बोलणं झालं होतं तो माणूसही असतो. हा कप्पा भरायलाच नको असेल तर जीमेलच्या सेटिंगमध्ये जनरल या टॅबवर ऑटो-कम्प्लीटसाठी कॉन्टॅक्ट तयार करण्याचा पर्याय आहे, तिथे "मी स्वतः अ‍ॅड करीन" हे निवडता येतं.

४. जीमेलमधून कॉन्टॅक्ट्सची फाइल काढायची कशी?

कॉम्प्युटरवर करा, फोनवर नको. प्रश्न २ मधलं पान उघडायचं, एक्सपोर्ट दाबायचं (हे बटण गूगल अधूनमधून इकडचं तिकडे करतं, डावीकडे नसेल तर वर बघा), आणि तीन पर्याय येतात, गूगल सीएसव्ही, आउटलुक सीएसव्ही आणि व्हीकार्ड. दोन वेळा एक्सपोर्ट करा, एकदा गूगल सीएसव्ही आणि एकदा व्हीकार्ड, कारण प्रश्न ५ मध्ये आहे. एखाद्या नावावर आधीच टिक असेल तर तेवढंच एक नाव एक्सपोर्ट होऊ शकतं, त्यामुळे "सगळे कॉन्टॅक्ट्स" निवडलंय ना ते बघून घ्या. फाइल डाउनलोड्समध्ये येते, तिला लगेच तारखेचं नाव द्या, आधी वर्ष मग महिना मग दिवस, म्हणजे फाइली आपोआप क्रमाने लागतात.

परत भरताना लक्षात ठेवायची गोष्ट, गूगल एका वेळेला ३,००० च्या वर नावं इम्पोर्ट करू देत नाही आणि एका अकाउंटमध्ये एकूण २५,००० ची मर्यादा आहे. घरगुती माणसाला दोन्ही पुरतात, मंडळाच्या किंवा क्लासच्या यादीला पहिली आड येऊ शकते, मग फाइलचे तुकडे करायचे.

५. सीएसव्ही चांगलं की व्हीकार्ड?

सीएसव्ही म्हणजे तक्ता, एक्सेलमध्ये उघडतो, डोळ्यांनी वाचता येतो, गूगलच्या सीएसव्हीत लेबलंही येतात, पण फोटो येत नाहीत. व्हीकार्ड, म्हणजे व्हीसीएफ फाइल, आयफोन, अँड्रॉइड, थंडरबर्ड सगळ्यांना कळते आणि एका माणसाचे चार नंबर, दोन पत्ते असले तरी नीट सांभाळते. मला एकच निवडायला लावलं तर व्हीकार्ड. पण दोन्ही ठेवायला काय जातंय?

६. मी थंडरबर्ड वापरतो, त्यात काय करायचं?

थंडरबर्डमध्ये प्रत्येक अ‍ॅड्रेस बुक वेगळं एक्सपोर्ट करावं लागतं, म्हणजे पर्सनल वेगळं आणि कलेक्टेड वेगळं. अ‍ॅड्रेस बुक उघडा, त्या बुकच्या नावाच्या मेनूत एक्सपोर्ट आहे. तुम्ही "वारकरी ग्रुप", "बँकेतले जुने" अशा मेलिंग लिस्ट बनवल्या असतील तर सीएसव्हीत त्या येत नाहीत, नुसती माणसं येतात, त्यामुळे एलडीआयएफ या प्रकारातही एक कॉपी काढा, त्यात लिस्ट टिकतात.

याहून पक्कं हवं असेल तर थंडरबर्ड पूर्ण बंद करून त्याचं प्रोफाइल फोल्डर जसंच्या तसं पेनड्राइव्हवर कॉपी करायचं. हे फोल्डर कुठे आहे ते हेल्प मेनूतल्या ट्रबलशूटिंग इन्फर्मेशनमध्ये दिसतं. प्रोग्राम चालू असताना कॉपी केली तर फाइल अर्धवट यायची शक्यता असते, म्हणून बंद करा म्हणतोय.

७. आणि आउटलुक? आमच्याकडे दोन आउटलुक दिसतात!

हो, सध्या क्लासिक आणि न्यू अशी दोन आहेत आणि दोघांचे मेनू वेगळे, त्यामुळे फोनवरून समजावताना सगळ्यात आधी "वर फाइल असं लिहिलंय का" हे विचारावं लागतं. फाइल दिसत असेल तर क्लासिक, त्यात ओपन अँड एक्सपोर्ट, मग इम्पोर्ट/एक्सपोर्ट. तिथे पीएसटी (आउटलुकची स्वतःची फाइल) निवडून कॉन्टॅक्ट्सचं फोल्डर द्या, ग्रुप आणि फोटोंसकट सगळं येतं. न्यू आउटलुकमध्ये पीपल उघडून तिथून सीएसव्ही काढता येते. विंडोज १० सोबत जे साधं मेल अ‍ॅप यायचं त्याचा सपोर्ट ३१ डिसेंबर २०२४ ला संपला, त्यातली नावं शोधत बसू नका, ज्या अकाउंटचं मेल त्यात दिसायचं त्याच्याच वेबसाइटवर ती नावं सापडतील.

८. सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडली तर मराठी नावांच्या जागी चित्रविचित्र अक्षरं आणि फोन नंबर ९.१९ई+११ असे दिसतात! फाइल खराब झाली का?

फाइल ठीक आहे, एक्सेलने ती चुकीची वाचली. सेव्ह मात्र करू नका. सेव्ह दाबलं की चुकीचं वाचलेलंच लिहिलं जातं, आणि नंबरचे शेवटचे आकडे त्यात कायमचे जातात. न सेव्ह करता बंद करा.

मग रिकामं एक्सेल उघडा, डेटा टॅबवर "फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही" घ्या, फाइल द्या, आणि फाइल ओरिजिनच्या जागी ६५००१ यूटीएफ-८ निवडा, मराठी लगेच दिसायला लागेल. नंबरसाठी तिथल्याच ट्रान्सफॉर्ममध्ये जाऊन फोनच्या कॉलमचा प्रकार टेक्स्ट करा. नाहीतर एक्सेलला वाटतं हा हिशोबाचा आकडा आहे, मग तो पुण्याच्या लँडलाइनच्या ०२० मधला पहिला शून्य खातो, अधिक ९१ मधलं अधिक खातो. लिबरऑफिस कॅल्क मला या कामाला एक्सेलपेक्षा बरं वाटतं, फुकट आहे आणि फाइल उघडतानाच अक्षरसंच कोणता आणि कॉलम कसला हे विचारतं. काम झाल्यावर एक्सेलमधून सेव्ह करताना नुसतं सीएसव्ही नाही, "सीएसव्ही यूटीएफ-८" असा वेगळा पर्याय असतो तो घ्या.

जाता जाता, नंबर नीट करायला बसलाच आहात तर सगळे अधिक ९१ ने सुरू होतील असे करा, लँडलाइन असेल तर अधिक ९१, मग २०, मग आठ आकडी नंबर. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला आधी शून्य लावावा लागतो, इकडून शून्य तिकडून नाही असा घोळ अधिक ९१ मुळे मोबाइलवर तरी मिटतो, आणि अमेरिकेतून येणारी मुलगी तिच्या फोनवरूनही तोच नंबर लावू शकते.

९. माझ्याकडे नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं आहेत, तीही अशीच दुरुस्त होतील?

दुर्दैवाने नाही. प्रश्न ८ मधल्या विचित्र अक्षरांत मूळ मराठी दडलेलं असतं, प्रश्नचिन्हांत काहीच उरलेलं नसतं. क्लासिक आउटलुकमधून सीएसव्ही काढली की देवनागरीचं असं होतं, कारण ती जुन्या पद्धतीने लिहिली जाते आणि त्या पद्धतीत देवनागरीला जागाच नाही. मूळ आउटलुक अजून चालू असेल तर नावं तिथे शाबूत असतात, पीएसटी काढा. मराठीत नावं ठेवणाऱ्यांनी आउटलुकच्या सीएसव्हीच्या वाटेला जाऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

अजून दोन प्रकार बघायला मिळतात. जुन्या फोनमधल्या व्हीसीएफमध्ये नावाच्या जागी बरोबरचं चिन्ह, ई०, ए४ असल्या गोष्टींची लांबच लांब रांग दिसते, ते नोटपॅडमध्येच तसं दिसतं, फाइल गूगलमध्ये इम्पोर्ट केली की बहुतेक वेळा मराठी नाव नीट येतं, घाबरू नका. दुसरा प्रकार श्रीलिपी किंवा कृतीदेवमध्ये टाइप केलेल्या याद्यांचा. श्रीलिपी आपल्या पुण्यातलीच, दिवाळी अंक, लग्नपत्रिका, मंडळांचे अहवाल कितीतरी वर्षं त्यात झाले, त्यामुळे अशा याद्या घराघरांत आहेत. त्यातली अक्षरं युनिकोड (कुठल्याही कॉम्प्युटरला कळणारी अक्षरपद्धत) नसतात, फॉन्ट काढला की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. त्यासाठी त्या त्या फॉन्टचा युनिकोड कन्व्हर्टर लागतो, आणि कन्व्हर्ट झाल्यावर जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांनी तपासावे लागतात, तिथेच गडबड होते.

१०. एकेका माणसाची तीन तीन नावं झालीत, एकत्र कशी करायची?

आधी एक्सपोर्ट (प्रश्न ४), मग हात लावायचा. गूगलच्या पानावर "मर्ज अँड फिक्स" आहे, ते सारखी दिसणारी नावं सुचवतं. "सगळे मर्ज करा" हे बटण मोहात पाडतं, पण आपल्याकडे एकाच नावाचे दोन देशपांडे असणं काही विशेष नाही, आणि नवरा-बायको एकच ईमेल वापरत असतील तर दोघांचं एक होऊन बसतं, म्हणून एकेक बघून करा. आणि "जोशी" मराठीत आणि इंग्रजीत असे दोनदा असतील तर नाव बघून ते सापडतीलच असं नाही, ते हातानेच. मी नाव मराठीत ठेवतो आणि इंग्रजी स्पेलिंग निकनेमच्या रकान्यात टाकतो, शोधताना दोन्हीकडून सापडतं.

११. चुकून खूप नावं डिलीट झाली, आता?

तुमची बॅकअप फाइल असेल तर ती इम्पोर्ट करा, संपलं. नसेल तर गूगलच्या ट्रॅशमध्ये डिलीट केलेली नावं ३० दिवस राहतात, तिथून परत घेता येतात. डिलीट नाही पण एखाद्या अ‍ॅपने किंवा चुकीच्या इम्पोर्टने सगळंच विस्कटलं असेल तर त्याच पानाच्या सेटिंगमध्ये "अनडू चेंजेस" आहे, दहा मिनिटांपूर्वी, तासापूर्वी, कालची, आठवड्यापूर्वीची किंवा ३० दिवसांच्या आतली कुठलीही स्थिती परत आणता येते. पण त्यानंतर तुम्ही जी नवीन नावं घातली असतील तीही जातील, म्हणून अनडूच्या आधी आत्ताची विस्कटलेली यादीसुद्धा एक्सपोर्ट करून ठेवा.

१२. नवीन कॉम्प्युटरवर आयएमॅप टाकलं, सगळे मेल आले, पण अ‍ॅड्रेस बुक रिकामं! असं कसं?

आयएमॅप फक्त मेल आणतं, अ‍ॅड्रेस बुक हे त्याचं कामच नाही. कॉन्टॅक्ट्ससाठी कार्डडॅव्ह नावाची वेगळी सोय लागते, थंडरबर्डमध्ये ती ९१ व्या आवृत्तीपासून आत बसवलेली आहे, अ‍ॅड्रेस बुकमध्ये जाऊन नवीन कार्डडॅव्ह बुक घ्यायचं आणि जीमेलचं लॉगिन द्यायचं. किंवा जुन्या कॉम्प्युटरवरची फाइल (प्रश्न ६, ७) इथे इम्पोर्ट करा. जुना कॉम्प्युटर द्यायच्या आधी हे तपासा, नंतर नाही.

१३. पाचशे नावांची व्हीसीएफ आउटलुकमध्ये टाकली, एकच नाव आलं!

क्लासिक आउटलुक अशा फाइलमधलं फक्त पहिलं नाव घेतं, बाकीच्यांकडे बघतही नाही, आणि चूक झाली असंही सांगत नाही. इंग्रजी नावं असतील तर गूगलमधून "आउटलुक सीएसव्ही" काढून ती टाका. मराठी असतील तर प्रश्न ९ आठवा, मग गूगलचं अकाउंटच थंडरबर्डला जोडणं सोपं पडतं.

१४. बॅकअप ठेवायचा कुठे आणि किती दिवसांनी काढायचा?

त्याच कॉम्प्युटरवर ठेवलेली फाइल मी मोजत नाही, हार्डडिस्क गेली की दोन्ही गेलं. एक पेनड्राइव्ह घरात, आणि एक कॉपी दुसऱ्या घरात, मुलीकडे किंवा भावाकडे. पेनड्राइव्ह वर्षानुवर्षं कपाटात पडून राहिला तर तो चालेलच असं नाही, त्यामुळे तोच एक आधार धरू नका. वर्षातून दोनदा पुरे, गुढीपाडवा आणि दसरा. खंडेनवमीला कॉम्प्युटरला हार घालता ना, त्याआधी दहा मिनिटं काढा.

फाइलमध्ये इतरांचे पत्ते, नंबर, वाढदिवस असतात, म्हणून सेव्हन-झिप सारख्या फुकट प्रोग्रामने पासवर्ड लावून बंद करा आणि पासवर्ड त्या पेनड्राइव्हवरच चिकटवून ठेवू नका (हे केलेलं बघितलंय). आणि काढल्यावर एकदा उघडून बघा, पहिलं, मधलं आणि शेवटचं नाव आहे ना, मराठी नीट दिसतंय ना. शून्य केबीची फाइल तीन वर्षं जपून ठेवणारेही लोक आहेत.

१५. सोसायटीच्या सगळ्यांना एकदम मेल पाठवायचा तर?

गूगल कॉन्टॅक्ट्समध्ये "सोसायटी" असं लेबल करा, सगळ्यांना त्यात घाला, आणि मेल लिहिताना बीसीसीच्या रकान्यात ते लेबल टाइप करा. टू किंवा सीसीमध्ये नको, नाहीतर सगळ्यांचे पत्ते सगळ्यांकडे जातात आणि पाण्याच्या टँकरवरचं एक उत्तर "रिप्लाय ऑल" होऊन ऐंशी घरांत भांडण लावतं. साध्या जीमेलवरून दिवसाला ५०० लोकांपर्यंतच मेल जातो.

१६. पुढच्या महिन्यात रिटायर होतोय, ऑफिसच्या मेलमधले पत्ते नेता येतील का?

तुमचे वैयक्तिक पत्ते, जुने मित्र, बॅचमेट, हे नक्की न्या, आणि शेवटच्या दिवशी नाही तर आजच, कारण अकाउंट बंद झालं की आयटीवाल्यांना विनवण्या करून उपयोग नसतो. ग्राहकांची, व्हेंडरची यादी मात्र कंपनीची, ती न विचारता एक्सपोर्ट करू नका. काही ठिकाणी एक्सपोर्टच बंद केलेलं असतं, मग हवी ती पंचवीस-तीस नावं हाताने उतरवून घ्या, तेवढीच तर असतात. मुलांच्या कॉलेजच्या अकाउंटचंही हेच.

१७. माळ्यावर एक्सपीचा जुना कॉम्प्युटर आहे, त्यात आउटलुक एक्सप्रेसचे पत्ते आहेत, निघतील?

डिस्क जिवंत असेल तर हो. डिस्क काढून यूएसबी कन्व्हर्टरने जोडा, एक्सपीच्या काळातल्या कित्येक डिस्क रुंद पट्टीच्या केबलवाल्या असतात त्यामुळे कन्व्हर्टर दोन्ही प्रकार घेणारा बघा, पुण्यात तापकीर गल्लीत, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, चौकशी करा. डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्जमध्ये तुमच्या नावाच्या फोल्डरात अ‍ॅप्लिकेशन डेटा, मायक्रोसॉफ्ट, अ‍ॅड्रेस बुक या वाटेने गेलं की डब्ल्यूएबी प्रकारची एक फाइल मिळेल, तीच. विंडोज ७ किंवा १० वर तुमच्या नावाच्या फोल्डरात कॉन्टॅक्ट्स नावाचं फोल्डर असतं, त्याच्या इम्पोर्टमध्ये ही फाइल घेता येते आणि मग तिथूनच सीएसव्ही काढता येते. निम्मे पत्ते बंद पडलेले निघतील, व्हीएसएनएलच्या काळातले, पण नावं आणि घरचे पत्ते कामाला येतात.

१८. बाबा गेले. त्यांच्या मेलमधले त्यांच्या मित्रांचे पत्ते हवे होते.

त्यांच्या कॉम्प्युटरवर लॉगिन अजून चालू असेल तर घाईने बंद किंवा फॉरमॅट करू नका, घरच्यांशी बोलून आधी प्रश्न ४ प्रमाणे फाइल काढून घ्या. लॉगिन नसेल तर गूगलकडे जवळच्या नातेवाइकांना विनंतीचा अर्ज करता येतो, वेळ लागतो आणि मिळेलच असं नाही. फार थांबूही नका, दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक अकाउंट गूगल काढून टाकू शकतं. आणि तुमचं स्वतःचं करून ठेवायचं असेल तर गूगलच्या सेटिंगमध्ये "इनअ‍ॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर" आहे, तुम्ही ठरवलेले ३ ते १८ महिने अकाउंट वापरलं गेलं नाही की तुम्ही निवडलेल्या लोकांना, जास्तीत जास्त १०, कळवलं जातं आणि हवं तेवढंच त्यांना बघता येतं. त्यात नुसते कॉन्टॅक्ट्स द्यायचे, मेल नाही, असंही करता येतं.

१९. जुना कॉम्प्युटर विकतोय, कॉन्टॅक्ट्स डिलीट केले, बस ना?

नाही, डिलीट केलेलं बऱ्याचदा परत काढता येतं. शिवाय सिंक चालू असताना डिलीट केले असतील तर फोनवरूनही गेले का ते आधी बघा (प्रश्न १, ११). मेल प्रोग्राममधून अकाउंट काढा, मग विंडोजच्या "रीसेट धिस पीसी" मध्ये सगळं काढून टाकायचा पर्याय घ्या आणि त्यात ड्राइव्ह क्लीन करायचं चालू करा, त्याला काही तास लागतात, रात्री लावून ठेवा. भंगारवाल्याला देत असाल तर एवढंही नको, दोन स्क्रू काढा आणि हार्डडिस्क घरी ठेवा, त्याला तिचे वेगळे पैसे मिळणार नसतात.